आंबा ताटात आला, तर पोळी उठली पाहिजे

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. तुम्ही पुण्यात राहता, सासर राजापूरकडचं. सासरे, ज्यांना तुम्ही बाबा म्हणता, ६८ वर्षांचे आहेत. ११ वर्षांपासून मधुमेह, गोळ्या चालू, तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) ७.४ टक्के. गावाहून हापूसची पेटी आली आहे आणि मागोमाग फणस येणार आहे. दवाखान्यातून मिळालेल्या छापील कागदावर ‘आंबा, केळी, चिकू, सीताफळ, फणस, द्राक्षं बंद’ असं आहे, म्हणून तुम्ही पेटी माळ्यावर चढवली आणि बाबा दोन दिवस कुणाशी धड बोललेले नाहीत. सासूबाईंचं हिमोग्लोबिन ९.६ आहे आणि त्यांना मात्र ‘फळं खा’ असं सांगितलंय. आठ वर्षांच्या मुलाच्या प्रतिकारशक्तीसाठी तुम्ही किवी आणि ड्रॅगन फ्रूट आणता, तो त्यातलं अर्धं टाकून देतो. शेवटी तुम्ही विचारलंय, की आपल्या उष्ण हवेतल्या या फळांत खरंच काही पोषण आहे, की नुसती साखर?

मी रत्नागिरी जिल्ह्यात गेली २२ वर्षं आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. एप्रिल-मे महिन्यांत माझ्याकडे येणाऱ्या मधुमेहींपैकी जवळजवळ प्रत्येक जण हाच प्रश्न विचारतो, आणि जो विचारत नाही तो बहुतेक आधीच खाऊन आलेला असतो. त्यामुळे उत्तर जरा सविस्तर देते.

पहिल्यांदा एक गोष्ट. ‘कोणतं फळ चालतं आणि कोणतं चालत नाही’ अशी यादी तुम्हाला हवी आहे, पण तुमच्या घरातला तिढा यादीने सुटणार नाही. बाबा दुपारी तीन पोळ्या, भाजी, आमटी, मुदीभर भात खातात, असं तुम्हीच लिहिलंय. या सगळ्यावर आंबा खाल्ला तर साखर वाढेलच, पण आंब्याऐवजी चौथी पोळी खाल्ली असती तरी ती वाढलीच असती. म्हणून मी पेशंटला नेहमी विचारते, हे फळ ताटातल्या कशाच्या जागी येणार आहे? त्याचं उत्तर ठरलं की आंबाही बसतो, फणसही बसतो. ते ठरलं नाही, तर ‘चालणारं’ सफरचंदसुद्धा जेवणावर वरून दोन-दोन खाल्लं जातं आणि साखर चढतेच.

मी ‘बंद’ हा शब्द कागदावर लिहिणं का सोडलं, तेही सांगते. काही वर्षांपूर्वी संगमेश्वर बाजूचे एक आजोबा यायचे. फाल्गुनापर्यंत सगळं छान चालायचं आणि वैशाखात सकाळची उपाशीपोटीची साखर २२० च्या वर जायची. सूनबाई रडवेल्या झालेल्या. ‘मॅडम, मी त्यांच्या नजरेला आंबा पडू देत नाही हो,’ म्हणाल्या. मी त्यांना बाहेर बसायला सांगितलं आणि आजोबांशी एकटीने बोलले. बराच वेळ ते पंच्याच्या टोकाशी चाळा करत राहिले. मग म्हणाले, रात्री सगळे निजले की आढीच्या खोलीत जातो. दिवा लावत नाही. पेंढ्यात हात घालून चाचपतो, वासावरून पिकलेला कळतो. तिथेच उभ्याने तीन-चार खातो आणि बाठे खिशात घालून पहाटे परसात पुरतो. पंच्याहत्तरीचा माणूस, स्वतः लावलेल्या कलमांचा आंबा अंधारात चोरून खात होता. रात्री अकरा वाजता चार आंबे म्हणजे एका वेळी शंभर ग्रॅम कर्बोदकं, आणि नंतर सरळ झोप. त्या दिवशी मी त्यांना लिहून दिलं: दुपारी अर्धा हापूस, सगळ्यांच्या पंक्तीला बसून, एक पोळी कमी करून. त्याच हंगामात त्यांची सकाळची साखर १४० च्या आसपास आली. औषध तेच होतं.

आता हिशेबाकडे येऊ. मागच्याच आठवड्यात दवाखान्यात एक मध्यम हापूस काट्यावर ठेवला होता, कारण समोरच्या बाईंचा आकड्यांवर विश्वास बसत नव्हता. सबंध फळ २५८ ग्रॅम भरलं. साल आणि बाठा काढून ठेवला तर गर राहिला १६८ ग्रॅम. हापूसच्या गरात साधारण १५ ते १७ टक्के कर्बोदकं धरली, तर एका आंब्यातून २५ ते २८ ग्रॅम मिळतात. आपली घरची पोळी ३० ग्रॅम कणकेची धरली तर तिच्यात वीसेक ग्रॅम असतात. म्हणजे एक अख्खा हापूस म्हणजे सव्वा पोळी. अर्धा हापूस म्हणजे पाऊण पोळीहूनही कमी. बाबांच्या तीन पोळ्यांपैकी एक उठली आणि तिथे अर्धा आंबा आला, तर कर्बोदकांचा बोजा वाढत नाही, उलट किंचित घटतो. त्या बाईंनी काट्यावरचा आकडा मोबाइलमध्ये फोटो काढून घरी दाखवायला नेला.

मधुमेहात एका वेळच्या फळाचा वाटा आम्ही साधारण १५ ग्रॅम कर्बोदकांचा धरतो. त्या मापाने अर्धा मध्यम हापूस हा एक वाटा झाला. वेलची केळं एक सबंध चालतं, पण बाजारात मिळतं ते जी-नाइन जातीचं लांब केळं अर्धंच. चिकू मध्यम एक. सीताफळ मध्यम आकाराचं अर्धं ते पाऊण. पिकल्या फणसाचे मध्यम गरे तीन. पपईच्या फोडी मात्र भरून एक वाटी येतात, कारण पपईत पाणी जास्त आणि कर्बोदकं जेमतेम ११ टक्के. पेरू मध्यम एक, तोही बियांसकट. अननसाच्या फोडी एक लहान वाटी. ही मापं घरात एकदा डोळ्यांनी बसली की रोज काटा लागत नाही.

यात ‘ग्लायसेमिक इंडेक्स’ कुठे गेला, असं तुम्ही विचाराल, कारण हल्ली प्रत्येक जण तो शब्द घेऊन येतो. तो उपयोगाचा आहे, पण अर्धवट वापरला जातो. एखाद्या पदार्थातली ठरावीक कर्बोदकं रक्तात किती वेगाने साखर चढवतात, तेवढंच तो आकडा सांगतो. कलिंगडाचा आकडा ७० च्या वर जातो आणि आंब्याचा पन्नाशीच्या आसपास असतो. आकडा बघून माणूस कलिंगडाला घाबरतो. पण कलिंगडात शंभर ग्रॅमला कर्बोदकं सात-आठ ग्रॅमच, बाकी पाणी. एक मोठी फोड खाल्ली तरी एकूण भार थोडाच येतो. उलट आंब्याचा आकडा ठीक आहे म्हणून कुणी तीन आंबे खाल्ले, तर तो आकडा मदतीला येत नाही. वेग आणि वजन दोन्ही बघावं लागतं.

आणि इथेच आमरसाचं प्रकरण येतं. आमरस वाईट नाही, पण तो फसवतो. अर्धा आंबा फोडी करून खाल्ला तर तोंड, हात, वेळ सगळं गुंतलेलं असतं. रसाची वाटी चार घोटांत संपते. एका मोठ्या वाटीत सव्वा ते दीड हापूस बसतो, आणि कोकणात पहिल्या वाटीवर कुणी थांबतं का? पाहुणचारात दुसरी, आग्रहाने तिसरी. त्यात रस गाळला की धागे जातात, वरून साखर पडते, सोबत पुऱ्या असतात. म्हणून बाबांना रस द्यायचाच असेल तर लहान वाटी, न गाळलेला, बिनसाखरेचा, आणि त्या दिवशी पुरीऐवजी एकच पोळी. रसावर अर्धा चमचा साजूक तूप आणि मिरपूड घालायची आपली जुनी पद्धत मात्र सोडू नका. आंब्याचा केशरी रंग ज्या बीटा कॅरोटीनचा आहे, ते अंगी लागायला थोडी चरबी लागते. आजीने तूप चवीसाठी घातलं असेल, पण काम ते नेमकं करतं. डबाबंद रस वापरत असाल तर डब्यावरची घटकांची यादी वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. साखर वरच्या ओळीत दिसली तर तो डबा बाबांसाठी नाही.

आता तुमच्या मूळ शंकेकडे, की या फळांत साखरेखेरीज आहे काय. भरपूर आहे, पण प्रत्येकात सगळं नाही, आणि हा भाग मला मनापासून आवडतो म्हणून जरा थांबून सांगते.

आपल्याकडचा पेरू घ्या. शंभर ग्रॅम पेरूत दोनशे मिलिग्रॅमहून जास्त क जीवनसत्त्व असतं. संत्र्यात पन्नासेक असतं, सफरचंदात चार-पाच. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे मोठ्या पुरुषाला दिवसाला ८० आणि स्त्रीला ६५ मिलिग्रॅम लागतं. म्हणजे अर्ध्या पेरूत घरातल्या एका माणसाची दिवसाची गरज भागते. आजाऱ्याला भेटायला जाताना आपण सफरचंद नेतो, त्याच्या जागी चार पेरू न्यायला हवेत असं मला नेहमी वाटतं. पेरूत चोथाही चांगला, शंभर ग्रॅमला पाचेक ग्रॅम, म्हणून मधुमेहींसाठी माझा पहिला कौल पेरूला असतो. दातांचा त्रास असेल तर पातळ काप करा, पण रस काढू नका.

पपई हलकी, पोट साफ ठेवणारी आणि कॅरोटीन देणारी. बारा महिने मिळते, स्वस्त मिळते, त्यामुळे आंबा संपल्यावर तो रंग पपईतून भरून काढायचा. केळ्यात पोटॅशियम आणि बी-६ जीवनसत्त्व चांगलं असतं. केळं जितकं पिकतं तितका त्यातला पिठूळपणा साखरेत बदलतो, म्हणून बाबांसाठी ठिपके पडलेलं काळपट केळं न घेता नुकतंच पिवळं झालेलं घ्या. ठिपकेवालं नातवाला द्या, त्याला ते पचायलाही सोपं. अननसात क जीवनसत्त्व आहे आणि मँगनीज आहे. जांभळाबद्दल लोक फार बोलतात. फळ म्हणून जांभूळ उत्तम, मूठभर खावं, पण जांभळाच्या बियांची पूड घेतो म्हणून गोळी बंद केली, असं म्हणणारे पेशंट मी दरवर्षी जूनमध्ये बघते आणि त्यांची साखर बघून माझ्या पोटात गोळा येतो. गोळीची जागा पूड घेऊ शकत नाही, कृपा करून हे बाबांनाही सांगा.

ज्याच्याकडे कुणी बघत नाही ते फळ म्हणजे काजूचं बोंडू. बी काढून घेतली की कोकणात बोंडं झाडाखाली सडतात. त्यात क जीवनसत्त्व संत्र्याच्या कितीतरी पट आहे. घशाला खवखवतं ते त्यातल्या तुरट द्रव्यामुळे. फोडी करून मीठ लावून थोडा वेळ ठेवल्या की तो तुरटपणा बराच सोसवतो. पुण्यात ते मिळणार नाही, कारण झाडावरून पडल्यावर एका दिवसात उतरतं. पण मे महिन्यात गावी जाल तेव्हा मुलाला नक्की खायला द्या.

इतकं सांगून आता ‘ते अवलंबून आहे’ हा भाग, आणि ताई, हा भाग वरच्या सगळ्याहून महत्त्वाचा आहे.

तुम्ही बाबांची सरासरी साखर लिहिलीत, पण मूत्रपिंडाचे आकडे लिहिले नाहीत. ११ वर्षं मधुमेह असलेल्या माणसाचं क्रिएटिनिन, त्यावरून काढलेला गाळण्याचा वेग म्हणजे ईजीएफआर, लघवीतली प्रथिनं आणि रक्तातलं पोटॅशियम वर्षातून एकदा तरी तपासलेलं असलं पाहिजे. हे नीट असेल तर वर दिलेली मापं तशीच वापरा. मूत्रपिंड कमजोर झालं असेल आणि पोटॅशियम चढं असेल, तर सगळा क्रम उलटा होतो. तेव्हा साखर बाजूला राहते आणि केळं, फणस, चिकू, शहाळं यांचाच धोका मोठा होतो. शहाळ्याच्या एका मोठ्या पेल्यात सहाशे मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम जाऊ शकतं. निरोगी माणसाला ते अमृत, पण मूत्रपिंडाच्या पेशंटच्या हृदयाची लय त्याने बिघडू शकते. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही पोटॅशियम वाढतं, म्हणून गोळ्यांची चिठ्ठी घेऊन डॉक्टरांना एकदा विचारा. आणि मूत्रपिंडाचा आजार असलेल्याने कमरख, ज्याला बाजारात स्टार फ्रूट म्हणतात, ते एक फोडसुद्धा खाऊ नये. त्यातलं एक द्रव्य मूत्रपिंडावाटे बाहेर पडलं नाही तर मेंदूवर परिणाम करतं. न थांबणारी उचकी, बावचळल्यासारखं वागणं, झटके, असं होऊ शकतं. ‘बंद’ हा शब्द मी सोडला म्हणाले, पण त्या एका ठिकाणी मी तो आजही लाल शाईने लिहिते.

दुसरी गोष्ट गोळ्यांची. ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर ती जेवण होवो न होवो, साखर खाली ओढते. अशा वेळी ‘आंबा नंतर खाऊ’ म्हणून पोळी कमी केली आणि आंबा राहूनच गेला, तर चारच्या सुमाराला घाम, थरथर, चक्कर येऊ शकते. म्हणून अदलाबदल त्याच ताटात, त्याच वेळी करायची. एकट्या मेटफॉर्मिनवर हा धोका फारच कमी असतो. कोणती गोळी चालू आहे ते तुमच्या प्रश्नात नाही, तेवढं बघून घ्या.

फळ जेवणासोबत खावं की मधे, यावर लोक खूप ठामपणे बोलतात. माझा अनुभव असा, की दोन्ही चालतं, मात्र जेवणाचा आकार बघून. दुपारचं जेवण आधीच भरपेट असेल तर फळ सकाळी अकराला किंवा दुपारी चारला, मूठभर शेंगदाण्यांबरोबर. आंब्याच्या दिवसांत मात्र कोकणातल्या माणसाला आंबा पानातच हवा असतो, म्हणून मी पोळी उठवून तो पानात बसवते. आमटी, उसळ, भाजी यांच्याबरोबर गेलेला आंबा पोटातून सावकाश उतरतो, हा फायदाच. रात्री जेवणानंतर टीव्हीसमोर खायचं फळ तेवढं टाळा, कारण तेव्हा खाल्लेलं मोजलं जात नाही आणि नंतर हालचालही होत नाही.

आणि माझ्या शब्दावर विसंबू नका, बाबांच्या रक्तालाच विचारा. घरी ग्लुकोमीटर आहे असं लिहिलंय. एका दिवशी नेहमीचं जेवण, आंब्याशिवाय, आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी तपासणी. दुसऱ्या दिवशी तीच भाजी, तीच आमटी, एक पोळी कमी, अर्धा आंबा, आणि पुन्हा दोन तासांनी तपासणी. जेवणाची वेळ, गोळी, शतपावली दोन्ही दिवशी सारखीच ठेवा. असं दोन-तीनदा करून आकडे वहीत लिहा. फरक वीस-तीसच्या आत राहिला आणि आकडा १८० च्या खाली असला, तर मी त्या घरात आंबा निर्धास्तपणे ठेवते. तो दोनशेच्या पुढे जायला लागला तर अर्ध्याचा पाव करते, किंवा भाताची मूदही उठवते. दोन पेशंटचे आकडे मी कधी सारखे पाहिले नाहीत. सख्ख्या भावांचेही नाहीत. ही वही बाबांनी स्वतः लिहावी. ज्याने आपल्या हाताने १६० आणि २३० लिहिलंय, त्याला दुसऱ्या कुणी आंबा नाकारावा लागत नाही.

सासूबाईंचं मात्र वेगळं. ९.६ हिमोग्लोबिन फळांनी भरून येणार नाही. स्त्रियांमध्ये १२ च्या खाली म्हणजे रक्त कमी, आणि इतकं कमी असेल तर ते का झालं हे शोधायला हवं आणि लोहाच्या गोळ्या घ्यायला हव्यात. त्यांच्या वयात पोटातून कुठे रक्त जातंय का, हेही डॉक्टर बघतील. ‘डाळिंब खा, बीट खा’ म्हणून सहा महिने घालवलेल्या बायका मी पाहिल्या आहेत, तसं करू नका. फळाचं काम इथे मदतनिसाचं आहे. पालेभाजी, नाचणी, कडधान्यं यांतलं लोह अंगात शिरायला जड असतं, आणि त्याच घासाबरोबर क जीवनसत्त्व गेलं तर ते बरंच जास्त शोषलं जातं. म्हणून त्यांचा पेरू अकराला वेगळा द्यायचा नाही, जेवतानाच द्यायचा. आंब्याच्या दिवसांत कैरी आहेच. पिकल्या आंब्यापेक्षा कैरीत क जीवनसत्त्व जास्त असतं, त्यामुळे उसळीसोबत कैरीची ताजी, न शिजवलेली चटणी हा फार चांगला जोड आहे. आणि जेवण झाल्या झाल्या चहा घेण्याची सवय असेल तर तो तास-दीड तास पुढे ढकला. चहातली तुरट द्रव्यं ते लोह अडवून धरतात. माझ्याकडे कित्येक घरांत गोळी चालू असूनही हिमोग्लोबिन हलत नव्हतं ते या एका कपामुळे.

मुलाचं सांगते. किवी चांगलं फळ आहे, शंभर ग्रॅमला नव्वदेक मिलिग्रॅम क जीवनसत्त्व देतं. पण पेरू त्याच्या दुपटीहून जास्त देतो, आणि किमतीचा फरक तुम्हाला माहीत आहे. ड्रॅगन फ्रूट दिसायला देखणं, आता आपल्या सांगली-सोलापूरच्या कोरड्या भागातही होतं, त्यात चोथा बऱ्यापैकी आहे, पण क जीवनसत्त्व अगदी थोडं. मुलाला आवडत असेल तर जरूर आणा, फक्त ‘प्रतिकारशक्तीसाठी’ म्हणून पदरमोड करू नका. तो अर्धं टाकून देतो याचं मला जास्त वाटतं. मुलं डब्यातलं फळ परत आणतात आणि ताटाशेजारच्या वाटीतलं, आजोबा खाताहेत ते, मागून घेतात. आजोबांनी आंबा हाताने मऊ करून, देठाकडून चीक पिळून नातवाला चोखायला दिला तर ते मूल किवीची आठवणही काढणार नाही. एक सांभाळा. आंब्याचं बाटलीतलं पेय म्हणजे आंबा नव्हे. फळाचा रस, मग तो घरी काढलेला असला तरी, जागतिक आरोग्य संघटना त्यातली साखर वरून घातलेल्या साखरेतच मोजते, कारण चोथा आणि चावणं दोन्ही गेलेलं असतं. वाढत्या मुलाला अख्खा आंबा द्या, दोन द्या, बाटली नको.

इथवरचं थोडक्यात: बाबांना दुपारी अर्धा हापूस आणि एक पोळी कमी, तोही मूत्रपिंडाचे आकडे बघून आणि वहीत साखर लिहून. सासूबाईंना लोहाची गोळी आणि जेवतानाच पेरू किंवा कैरी. मुलाला फळ चावून खायला.

पेटीबद्दल एक. बाजारातून आणाल तेव्हा कॅल्शियम कार्बाइडवर पिकवलेला आंबा टाळा, ते वापरायला कायद्याने बंदी आहे. इथिलीन वायूच्या खोलीत पिकवलेला आंबा मात्र चालतो, फळ स्वतःही पिकताना तोच वायू सोडतं. वरून एकसारखा पिवळाजर्द, देठाशी वास नाही आणि आत पांढुरका गर, असा आंबा दिसला की मी परत ठेवते. तुमची पेटी तर घरच्या कलमांची, पेंढ्यात पिकणारी. तो आंबा हळूहळू, चार-चार, सहा-सहा असा तयार होतो, आणि हीच त्याची सोय आहे. एका दिवशी सगळा पिकत नाही, म्हणून एका दिवशी सगळा संपवावाही लागत नाही. माळ्यावर मात्र ठेवू नका, तिथे उकाड्याने आंबे भरभर पिकतात आणि उतरतात. हवेशीर, सावलीच्या जागी पसरा, आणि रोज सकाळी चाळून तयार झालेले वेगळे काढायचं काम बाबांकडे द्या.

फणसासाठी एवढंच, की आला की बाबांच्या वाट्याचा आधी ठरवा. कापा, म्हणजे घट्ट गऱ्यांचा, असेल तर मोजून तीन गरे, त्या दिवशी आंबा नाही. बरका असेल तर गरे गिळगिळीत असतात, घशाखाली घसरतात आणि मोजणं राहून जातं, म्हणून तेही वाटीत काढूनच द्या. कच्चा मिळाला तर त्याची भाजी करा, त्यात साखर पिकल्या गऱ्यांपेक्षा खूप कमी असते आणि पोट भरतं. आठळ्या टाकू नका. उकडून, मीठ लावून, किंवा कडव्या वालांच्या उसळीत घाला. त्यांत पिष्ट आहे, म्हणून त्या खाल्ल्या त्या दिवशी भात कमी, पण प्रथिनंही आहेत आणि चोथाही. मात्र फणस फोडायच्या आधी बाबांचा क्रिएटिनिन आणि पोटॅशियमचा रिपोर्ट हातात असू द्या. तो आला की आकडे मला इथेच लिहा, गोळ्यांच्या नावांसकट. गऱ्यांचं माप त्यावरून पक्कं करून देते.